चुंबकांचा बर्फ : निसर्गाची नक्कल आणि नकलेचे धडे

बर्फ म्हटला की डोळ्यांपुढे येते ते गोठलेले पाणी. भौतिकशास्त्रात मात्र गेल्या शतकाच्या अखेरीपासून आणखी एका बर्फाचा अभ्यास सुरू आहे आणि त्यात पाण्याचा थेंबही नाही. होल्मियम व डिस्प्रोशियम या दुर्मिळ मृदा धातूंच्या काही स्फटिकांमध्ये अणूंची चुंबकीय दिशा जे नियम पाळते, ते पाण्याच्या बर्फातील हायड्रोजनच्या मांडणीशी तंतोतंत जुळतात. म्हणून या पदार्थांना ‘स्पिन आइस’ म्हणजेच चुंबकीय बर्फ असे नाव मिळाले. २००६ साली अमेरिकेतील संशोधकांनी या पदार्थाची प्रतिकृती सिलिकॉनच्या चकतीवर, हजारो अतिसूक्ष्म चुंबक ओळीने मांडून तयार केली. ‘कृत्रिम स्पिन आइस’ या नावाने ओळखले जाणारे हे संशोधन आज एक स्वतंत्र शाखा बनले आहे. या शाखेची खरी प्रगती नक्कल हुबेहूब साधल्यामुळे झाली, असे मात्र नाही. जिथे जिथे नक्कल मूळ पदार्थाहून वेगळी पडली, तिथे तिथे संशोधकांना नवे काही शिकावे लागले.

बर्फातील न मिटणारी बेशिस्त

या विषयाचे मूळ साध्या बर्फातच आहे. बर्फात प्राणवायूच्या प्रत्येक अणूभोवती हायड्रोजनचे चार अणू असतात. त्यांपैकी दोन जवळ आणि दोन दूर असतात. जे. डी. बर्नाल व आर. एच. फाउलर यांनी १९३३ मध्ये मांडलेला हा ‘बर्फाचा नियम’ होय. मात्र चारांपैकी कोणते दोन जवळचे, हे नियम सांगत नाही. एका अणूभोवती चार हायड्रोजनांच्या एकूण १६ मांडण्या शक्य असतात आणि त्यांपैकी ६ मांडण्या नियमात बसतात. संपूर्ण स्फटिकाचा विचार केला, तर नियमात बसणाऱ्या मांडण्यांची संख्या अगणित होते. त्या साऱ्या जवळपास सारख्याच ऊर्जेच्या असल्याने बर्फाला त्यांतील कोणतीही एक निवडण्याचे कारण उरत नाही.

याचा परिणाम विलक्षण आहे. तापमान निरपेक्ष शून्याकडे, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सियसकडे नेले, की पदार्थातील अव्यवस्था नाहीशी व्हावी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. या अव्यवस्थेचे माप म्हणजे एन्ट्रॉपी. बर्फात ती पूर्णपणे नाहीशी होत नाही. लायनस पॉलिंग यांनी १९३५ मध्ये वरीलप्रमाणे मांडण्या मोजून ही शिल्लक अव्यवस्था किती असावी, याचा हिशेब केला आणि तो विल्यम जिओक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रत्यक्ष मोजमापांशी जुळला.

तीन पाहुणे आणि दोन पंगती

चुंबकीय पदार्थांतही अशीच अडचण उद्भवते. तिला शास्त्रज्ञ ‘फ्रस्ट्रेशन’ म्हणतात; मराठीत तिला ‘कुंठा’ म्हणता येईल. समजा, एकमेकांचे मुळीच न पटणारे तीन पाहुणे जेवायला आले आहेत आणि पंगती दोनच आहेत. दोघे वेगवेगळ्या पंगतींत बसतील. परंतु तिसरा कुठेही बसला, तरी नावडता शेजार टळत नाही. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवरील चुंबकीय अणूंना परस्परांच्या उलट दिशेला तोंड करायचे असेल, तर त्यांची अवस्था नेमकी अशीच होते. सर्वांचे समाधान होईल अशी मांडणीच नसते. फक्त कमीत कमी असमाधानाच्या अनेक मांडण्या असतात.

होल्मियम टायटनेटच्या स्फटिकात चुंबकीय अणू चतुष्फलकांच्या कोपऱ्यांवर बसलेले असतात आणि शेजारशेजारचे चतुष्फलक कोपऱ्याने जोडलेले असतात. प्रत्येक अणूचा चुंबक एक तर चतुष्फलकाच्या केंद्राकडे रोखलेला असतो, नाही तर केंद्रापासून बाहेर. मार्क हॅरिस, स्टीव्हन ब्रॅमवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की येथे दोन चुंबक आत व दोन बाहेर अशी मांडणी सर्वांत कमी ऊर्जेची ठरते. हा बर्फाचाच नियम होता. १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधात डिस्प्रोशियम टायटनेटमध्ये शिल्लक राहणारी एन्ट्रॉपी मोजण्यात आली आणि ती पॉलिंग यांच्या आकड्याजवळ भरली. आर्थर रामिरेझ यांच्या नेतृत्वाखालील या निबंधाच्या लेखकांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील आर. सिद्धार्थन आणि बी. श्रीराम शास्त्री यांचाही समावेश होता.

नक्कल कशासाठी?

निसर्गाने हा पदार्थ आयता दिला असताना त्याची प्रतिकृती करण्याची गरज का भासली, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे पहिले कारण दृष्टीचे आहे. स्फटिकाच्या अंतर्भागातील एकेका अणूचा चुंबक कोणत्या दिशेला आहे, हे पाहता येत नाही. न्यूट्रॉनचा झोत सोडून किंवा उष्णता मोजून जे कळते, ते कोट्यवधी अणूंचे सरासरी चित्र असते. दुसरे कारण असे, की निसर्गाने ठरविलेले अंतर व आकार बदलता येत नाहीत. दोन अणू थोडे दूर सरकवले किंवा एखादा काढून टाकला तर काय होईल, हे स्फटिकाला विचारण्याची सोय नाही. शिवाय चुंबकीय बर्फाचे गुणधर्म दिसतात ते निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम एक-दोन अंशांच्या टापूत.

अणूऐवजी थोडा मोठा, परंतु अणूप्रमाणेच ‘इकडे किंवा तिकडे’ एवढी दोनच उत्तरे देणारा चुंबक वापरला, तर या तिन्ही अडचणी दूर होतात. लांबट आकाराचा, पुरेसा लहान चुंबक असा वागतो. त्याचे चुंबकत्व आपोआप लांबीच्या दिशेने वळते आणि एका टोकाला उत्तर, तर दुसऱ्या टोकाला दक्षिण ध्रुव येतो.

२००६ चा प्रयोग

पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील पीटर शिफर, व्हिन्सेंट क्रेस्पी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच कल्पना प्रत्यक्षात आणली. या चमूत मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी नितीन समर्थ यांचाही सहभाग होता. निकेल व लोह यांच्या परमॅलॉय या मिश्रधातूचे प्रत्येकी २२० नॅनोमीटर लांब, ८० नॅनोमीटर रुंद आणि २५ नॅनोमीटर जाड असे चुंबक त्यांनी तयार केले. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे दोनशे ते चारशे चुंबक एकापुढे एक मावतील.

हे चुंबक घडविण्याची रीत रांगोळीच्या छापासारखी आहे. सिलिकॉनच्या चकतीवर पॉलिमरचा थर देऊन त्यावर इलेक्ट्रॉनच्या झोताने आकृती लिहिली जाते. लिहिलेला भाग विरघळवून टाकला, की थरात छिद्रे पडतात. वरून धातूचा पातळ लेप देऊन मग पॉलिमर काढून टाकला, की छिद्रांच्या जागी तेवढे धातूचे तुकडे उरतात. या प्रयोगात चुंबकांची मांडणी चौकटींच्या जाळीसारखी होती. प्रत्येक चौकात चार चुंबकांची टोके एकत्र येत. चतुष्फलकाच्या केंद्राची जागा येथे या सपाट चौकाने घेतली.

पुढचा प्रश्न होता तो चुंबकांना आपापली सोयीची दिशा शोधू देण्याचा. धान्याचे माप भरताना ते हलवून दाणे बसवावेत, त्याप्रमाणे संशोधकांनी नमुना चुंबकीय क्षेत्रात फिरवत ठेवला आणि क्षेत्राचा जोर टप्प्याटप्प्याने कमी केला. त्यानंतर चुंबकीय बल सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक चुंबकाचे एक टोक उजळ व दुसरे गडद दिसू लागले. जी गोष्ट स्फटिकात केवळ अनुमानाने कळत होती, ती आता चौकाचौकाने मोजता आली.

चुंबकांनी केवळ योगायोगाने दिशा घेतल्या असत्या, तर १६ पैकी ६, म्हणजे ३७.५ टक्के चौक बर्फाच्या नियमात बसले असते. चुंबक परस्परांपासून दूर ठेवले, तेव्हा जवळपास तसेच घडले. मात्र जाळीतील अंतर ८८० नॅनोमीटरवरून ३२० नॅनोमीटरपर्यंत कमी केले, तेव्हा नियम पाळणाऱ्या चौकांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे गेले. प्रतिकृती मूळ पदार्थाप्रमाणे वागू शकते, हे यातून सिद्ध झाले.

नक्कल कोठे उणी पडली?

तथापि ही नक्कल दोन ठिकाणी उणी होती. पहिली उणीव भूमितीची. चतुष्फलकाचे चारही कोपरे परस्परांपासून सारख्याच अंतरावर असतात. सपाट चौकात मात्र काटकोनात असलेले शेजारी जवळ आणि समोरासमोरचे दूर असतात. त्यामुळे नियमात बसणाऱ्या ६ मांडण्यांची समानता मोडते. त्यांपैकी २ मांडण्या उरलेल्या चारांपेक्षा कमी ऊर्जेच्या ठरतात. परिणामी पुरेशी संधी मिळाली, तर ही जाळी बेशिस्त न राहता अगदी नीटनेटकी मांडणी स्वीकारेल. म्हणजेच बर्फ ज्या गुणामुळे बर्फ ठरतो, तो गुणच नाहीसा होईल.

दुसरी उणीव उष्णतेची. अणूंचे चुंबक तापमानाच्या धक्क्यांनी उलटसुलट होत राहतात. २००६ च्या प्रयोगातील चुंबक त्या मानाने इतके मोठे होते, की खोलीच्या तापमानाला ते जागचे हलत नसत. बाहेरच्या क्षेत्राने हलविल्याशिवाय बदल नाही, अशा वस्तूला तापमान असलेला पदार्थ म्हणणे कठीण होते.

या दोन्ही उणिवांवर पुढील दशकात उपाय निघाले. ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखविले, की धातूचा लेप चढत असताना, चुंबक अगदी पातळ असतानाच ते उष्णतेने हलतात आणि जाड होता होता आपल्या सोयीच्या मांडणीत गोठतात. त्यांच्या नमुन्यात नीटनेटक्या मांडणीचे मोठमोठे पट्टे दिसले. सपाट जाळीबद्दलची शंका खरी ठरली. २०१३ मध्ये परमॅलॉयचे चुंबकत्व नाहीसे होईपर्यंत नमुना तापवून पुन्हा हळूहळू थंड करण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत लॉरा हायडरमन यांच्या गटाने अतिशय पातळ चुंबक वापरून ते स्वतःहून दिशा बदलताना क्ष-किरणांच्या सूक्ष्मदर्शकाने टिपले.

याच संस्थेने २०१५ मध्ये एक अब्जाहून अधिक चुंबकांचा नमुना तयार केला. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जाळीत मांडलेल्या या चुंबकांची लांबी अवघी ६३ नॅनोमीटर होती आणि त्यांचा आकार तांदळाच्या दाण्यासारखा होता. पाणी जसे वाफ, द्रव आणि बर्फ अशा अवस्था बदलते, तसे या कृत्रिम पदार्थाचे चुंबकत्वही तापमानानुसार अवस्था बदलते, असे म्युऑन नावाच्या कणांच्या साहाय्याने केलेल्या मोजमापात आढळले. माणसाने एकेक घटक ठरवून रचलेली वस्तू स्वतःच्या तापमानाचे नियम पाळू लागली होती.

भूमितीचे उत्तर मात्र सपाटपणा सोडूनच मिळणार होते. गुन्नार म्योलर आणि रॉडरिक मोस्नर यांनी २००६ मध्येच सुचविले होते, की आडवे चुंबक एका पातळीवर आणि उभे चुंबक थोड्या उंचीवर ठेवले, तर अंतरांतील विषमता भरून काढता येईल. फ्रान्समधील ग्रनोबल येथील संशोधकांनी २०१६ मध्ये ही सूचना प्रत्यक्षात आणली. योग्य उंची साधताच सहाही मांडण्या समान झाल्या आणि जाळीत अस्सल बर्फाची बेशिस्त परतली.

एकध्रुव सापडला, पण कोणता?

या विषयाला वृत्तपत्रांच्या मथळ्यांत स्थान मिळवून दिले ते ‘चुंबकीय एकध्रुवा’ने. चुंबकाचे कितीही तुकडे केले, तरी प्रत्येक तुकड्याला उत्तर व दक्षिण असे दोन्ही ध्रुव असतात. केवळ एकच ध्रुव असलेला मूलकण अस्तित्वात असू शकेल, असे पॉल डिरॅक यांनी १९३१ मध्ये गणिताने दाखविले. परंतु असा मूलकण आजवर सापडलेला नाही.

क्लाउडिओ कॅस्टेलनोव्हो, रॉडरिक मोस्नर आणि शिवाजी सोंधी यांनी २००८ मध्ये वेगळीच वाट दाखविली. चुंबकीय बर्फात एका चतुष्फलकातील एक चुंबक उलटला, तर त्या ठिकाणी तीन आत व एक बाहेर आणि लगतच्या चतुष्फलकात एक आत व तीन बाहेर अशी नियमभंगाची जोडी तयार होते. पुढचे चुंबक क्रमाने उलटत गेले, की या दोन जागा एकमेकींपासून दूर सरकतात आणि प्रत्येक जागा एकट्या ध्रुवासारखी वागते. २००९ मध्ये न्यूट्रॉनच्या प्रयोगांतून याची साक्ष नैसर्गिक स्फटिकांत मिळाली. कृत्रिम जाळ्यांत मात्र हे एकध्रुव प्रत्यक्ष पाहता आले. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०१० मध्ये कोबाल्टच्या षट्कोनी जाळीत त्यांची छायाचित्रे घेतली. पॉल शेरर संस्थेच्या गटानेही अशा जाळीत एकध्रुव आणि त्यांच्यामागे राहणारी उलटलेल्या चुंबकांची माळ टिपली.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. हे एकध्रुव म्हणजे डिरॅक यांनी कल्पिलेला मूलकण नव्हे. अनेक चुंबकांच्या सामूहिक वर्तनातून उमटणारी ती एक आकृती आहे. क्रिकेटच्या मैदानावर प्रेक्षक क्रमाने उठून बसतात, तेव्हा उठणारी लाट स्टेडियमभर धावते. प्रत्यक्षात कोणीही आपली जागा सोडलेली नसते. हे एकध्रुवही तसेच आहेत. त्यामुळे त्यांचे महत्त्व कमी होत नाही. मात्र विश्वातील एकध्रुव सापडला, असा त्याचा अर्थ काढता येत नाही.

निसर्गाने न घडविलेले पदार्थ

नक्कल साधू लागल्यावर संशोधकांचे लक्ष स्वाभाविकपणे निसर्गात नसलेल्या रचनांकडे वळले. चौकटींच्या जाळीतून ठरावीक चुंबक गाळून किंवा त्यांची लांबी बदलून नव्या जाळ्या तयार करण्यात आल्या. त्यांपैकी एकीचे नाव ‘शक्ती’ आणि दुसरीचे ‘टेट्रिस’ आहे. या जाळ्यांत एकेका चौकाचे समाधान करणे सोपे असते. परंतु सर्व चौकांचे एकाच वेळी समाधान होऊ शकत नाही. कुंठा येथे चुंबकांच्या पातळीवर न राहता चौकांच्या पातळीवर जाते. शक्ती जाळीवरील प्रयोगांचे निष्कर्ष २०१४ मध्ये, तर टेट्रिस जाळीवरील निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील गटाने २०१६ मध्येच पुन्हा पुन्हा लिहिता व पुसता येईल अशी चुंबकीय मांडणी सादर केली. वेल्समधील कार्डिफ विद्यापीठात सॅम लडाक यांच्या गटाने २०१९ पासून चुंबकीय तारांची त्रिमितीय जाळी उभारली. सपाट चकतीवर सुरू झालेली प्रतिकृती अशा रीतीने मूळ स्फटिकाच्या तीन मितींकडे परत आली आहे. भारतातही कोलकात्याचे सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्र आणि आयआयटी दिल्ली येथे नॅनोचुंबकांच्या रचनांवर संशोधन झाले आहे.

संगणकाच्या वाटेवर

या साऱ्याचा व्यवहारात उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर संगणनात शोधले जात आहे. चुंबकाच्या दोन दिशा म्हणजे शून्य आणि एक. वीज बंद झाली, तरी चुंबक आपली दिशा विसरत नाही. संगणकाची हार्ड डिस्क याच गुणावर चालते. शेजाऱ्यांच्या ओढीने चुंबकाची दिशा ठरते, हाही एक प्रकारचा हिशेबच आहे. अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठाने २००६ मध्ये तीन शेजाऱ्यांच्या बहुमताप्रमाणे दिशा घेणारे चुंबकांचे तार्किक द्वार खोलीच्या तापमानाला चालवून दाखविले होते.

अलीकडच्या प्रयत्नांची दिशा मेंदूसारख्या संगणनाकडे आहे. प्रचलित संगणकात स्मृती एकीकडे व गणन दुसरीकडे असते आणि माहितीच्या सततच्या ये-जा करण्यात ऊर्जा खर्च होते. परस्परांत गुंतलेल्या चुंबकांच्या जाळीत या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी घडतात. इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये अशा जाळीला चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने संकेत पुरवून, तिच्या प्रतिसादावरून काळानुसार बदलणाऱ्या गुंतागुंतीच्या संकेतांचे पुढील टप्पे वर्तविता येतात, असे दाखविले. कृत्रिम बुद्धिमत्तेची विजेची भूक वाढत असताना अशा प्रयोगांकडे अपेक्षेने पाहिले जात आहे.

ही अपेक्षा मात्र मोजूनमापूनच ठेवावी लागेल. चुंबक स्वतः फारशी ऊर्जा घेत नसले, तरी त्यांना हलविणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण करण्यास आणि त्यांची स्थिती वाचणाऱ्या उपकरणांना ती लागतेच. लाखो चुंबकांत दोन चुंबकही अगदी सारखे निघत नाहीत आणि कडांवरील बारीकसा दोषही त्यांच्या दिशेवर परिणाम करतो. सूक्ष्मदर्शकाऐवजी साध्या विद्युत संकेतांनी जाळी वाचता येणे, ही या तंत्रज्ञानापुढील मोठी कसोटी आहे. या जाळ्या आजही प्रयोगशाळेतच आहेत.

मूलभूत विज्ञानातील त्यांचे स्थान मात्र आता पक्के झाले आहे. स्फटिकाच्या पोटात दडलेली, केवळ सरासरीने कळणारी बेशिस्त त्यांनी डोळ्यांना दिसेल अशी उघड्यावर आणली. चौकातील अंतरे विषम निघाली, म्हणून मूळ स्फटिकात समान अंतराचे मोल किती आहे, हे उमगले. चुंबक हलेनात, म्हणून तापमानाची भूमिका स्वतंत्रपणे तपासता आली. निसर्गाचा एखादा नियम नेमका कशावर उभा आहे, हे त्यातील एकेक आधार काढून पाहिल्याशिवाय कळत नाही. अणूंच्या बाबतीत अशक्य असलेली ही तपासणी नॅनोचुंबकांच्या जाळीने शक्य केली आहे.